सभागृहातला प्रश्न, आपली शाळा आणि आपला दवाखाना

(मंडळाच्या व्याख्यानमालेत बडोदे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून देत आहोत.)



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'आरोग्य व शिक्षण धोरण आणि लोकप्रतिनिधी' असा छापला आहे. नाव भारदस्त आहे, पण विषय साधा आहे. आपण निवडून दिलेला माणूस सभागृहात उभा राहून सरकारला शाळेविषयी, दवाखान्याविषयी प्रश्न विचारतो, तेव्हा नेमके काय घडते? त्यातून काही हाती लागते का? आणि सभागृहाच्या बाहेर बसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचे त्यात काही काम असते का?

माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रश्न विचारणे हे आमदाराचे आणि खासदाराचे काम आहे, पण प्रश्न पुरवणे हे नागरिकांचे काम आहे. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच येते. प्रश्न नेमका असेल तर सरकारला आकडा द्यावा लागतो, आणि आकडा एकदा कागदावर आला की तो मागे घेता येत नाही. पुढचे सगळे याच एका मुद्द्याभोवती आहे.

हा हक्क आला कुठून?

सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. इंग्रजांच्या राज्यात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना पहिल्यांदा प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, तीही आधी सूचना देऊन. उत्तर आले की विषय संपला, त्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्नाची परवानगी दिली, पण ती ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. १९१९ नंतर इतर सभासदांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. आज टीव्हीवर मंत्र्यांना आडवेतिडवे प्रश्न होताना आपण पाहतो, त्याच्यामागे एवढी वाटचाल आहे.

या हक्काचा सर्वांत चांगला उपयोग कोणी केला असेल तर तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. आणि बडोदेकरांनी कान टवकारून ऐकावी अशी गोष्ट म्हणजे गोखल्यांच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र या आपल्या गावात घडले होते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. सरकारचे म्हणणे ठरलेले असायचे: लोक तयार नाहीत, पैसा नाही, मास्तर नाहीत. १८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी कलकत्त्याच्या मध्यवर्ती कौन्सिलात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. 'आश्वासन' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाचे स्वतंत्र खाते उघडले, पण मूळ मागणी जागच्या जागी राहिली. म्हणून १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी विधेयकच आणले.

त्या वेळच्या त्यांच्या भाषणात बडोद्याचे आकडे आहेत. १९०९ साली बडोदे संस्थानात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ७९.६ टक्के मुले शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. मुलींच्या बाबतीत बडोद्यात ४७.६ टक्के, ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम ४ टक्के. मंडळी, यात कुठेही आवेश नाही. जे एक संस्थानिक करू शकतो ते एवढ्या मोठ्या साम्राज्याला का करता येत नाही, असा साधा सवाल आहे. 'लोक तयार नाहीत' या म्हणण्याला यापेक्षा चांगले उत्तर सापडणे कठीण.

विधेयक अगदी सौम्य होते. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सक्ती करायची असेल तिने सरकारच्या परवानगीने, आणि मुलांची हजेरी ठरावीक प्रमाणात पोचली असेल तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी ती करावी, एवढेच. तरी मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकारी सभासद विरोधात होतेच, काही बडे जमीनदारही विरोधात गेले.

मग गोखले हरले का? मतांच्या हिशेबात हरले. पण विधेयक अजून कौन्सिलापुढे असतानाच, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा झाली होती. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात असाच कायदा मंजूर करून घेतला, त्यामुळे नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. गांधीनगरच्या ज्या इमारतीत आज आपली विधानसभा भरते तिला विठ्ठलभाई पटेल भवन म्हणतात, हा एक चांगला योग आहे. संपूर्ण देशापुरते म्हणाल तर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. १९११ ते २०१०, नव्याण्णव वर्षे. सभागृहातला प्रश्न कधी कधी इतका लांबचा प्रवास करतो.

बाबासाहेबांचा हिशेब

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचा आणि बडोद्याचा संबंध आपण अभिमानाने सांगतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. अभिमान सांगताना अर्धेच सांगू नये. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी याच शहरात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि काही दिवसांतच परत जावे लागले. राज्याचा धनी उदार होता, पण गाव तेवढे उदार नव्हते.

पुढे १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कौन्सिलात सभासद म्हणून आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी जो हिशेब मांडला तो आजही शिकण्यासारखा आहे. त्यांनी सांगितले की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते, पण दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे लोकांकडून त्या मार्गाने घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. दुसरा आकडा गळतीचा होता. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात, बाकीची ब्याऐंशी मधेच गळतात. म्हणजे शाळेत नाव घालण्यावर समाधान मानू नका, शेवटपर्यंत किती टिकतात ते सांगा.

आरोग्याकडेही त्यांचे लक्ष होते. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या काळात रजा आणि भत्ता मिळावा या विधेयकावर ते १९२८ मध्ये बोलले, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला.

गोखले आणि बाबासाहेब या दोघांच्या पद्धतीत एक साम्य आहे. दोघांनीही सरकारचेच कागद वाचले आणि दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. बडोदे आणि ब्रिटिश मुलूख, दारूचे उत्पन्न आणि शिक्षणाचा खर्च. सरकारला राग आला, पण आकडा खोटा आहे असे म्हणता आले नाही.

आज हे काम कसे चालते?

आता आजच्या काळात येऊ. लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास असतो, राज्यसभेत तो २०१४ पासून दुपारी १२ वाजता असतो. प्रश्नांचे मुख्य दोन प्रकार. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते, त्यावर उपप्रश्न नाहीत. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्या वीसपैकी प्रत्यक्षात पाच-सहाच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरे लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात.

पुष्कळ लोक समजतात की तारांकित प्रश्न मोठा आणि अतारांकित लहान. तसे नाही. मंत्र्यांना अडचणीत आणायचे असेल तर तारांकित बरा, पण जिल्हावार आणि वर्षवार तक्ता हवा असेल तर अतारांकित प्रश्नच उपयोगी पडतो. गावच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी आपल्याला बहुतेक वेळा तक्ताच हवा असतो.

प्रश्नाला नियमही आहेत. त्यात भाषण नको, आरोप नको, तर्क नको. मत विचारायचे नाही, माहिती विचारायची. 'आरोग्य व्यवस्थेचा बोजवारा उडाला आहे हे खरे आहे काय?' या प्रश्नाला दोन अक्षरी उत्तर येते: 'जी नाही.' त्याऐवजी असे विचारा: अमुक जिल्ह्यात ३१ डिसेंबरच्या स्थितीनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि सर्वांत जुने पद कधीपासून रिकामे आहे? आता मंत्र्यांना 'जी नाही' म्हणता येत नाही, आकडा द्यावाच लागतो.

आता आश्वासनाकडे येतो. मंत्री सभागृहात 'तपासून पाहू', 'लवकर करू', 'माहिती गोळा करण्यात येत आहे, ती पटलावर ठेवू' असे म्हणाले की संसदीय भाषेत ते आश्वासन ठरते. त्याची नोंद होते. लोकसभेत आणि राज्यसभेत आश्वासनांच्या पाठपुराव्यासाठी वेगळी समिती असते, आणि आश्वासन साधारण तीन महिन्यांत पुरे करायचे असते. बरीच आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात हे खरे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हा रोग सगळ्यांना आहे. पण आश्वासन नोंदलेले असते, तारीख असते, आणि ती तारीख दाखवून पुन्हा विचारता येते.

दोन-तीन ताजी उदाहरणे

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या आठवणीतल्या काळात येतो.

सप्टेंबर २०२०. करोनाचा काळ, संसदेचे पावसाळी अधिवेशन. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला होता, फक्त लेखी उत्तरे मिळत होती. म्हणजे उपप्रश्नाची सोय गेली, १८९२ च्या कायद्याच्या काळात होती तशी स्थिती आली. करोनाने किती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी दगावले अशी विचारणा झाली, तेव्हा आरोग्य खात्याने सांगितले की सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राकडे अशी माहिती ठेवली जात नाही. लगेच इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ दगावलेल्या डॉक्टरांची यादी जाहीर केली. सरकारकडे नसलेली यादी एका संघटनेकडे होती! आपल्यासारख्या मंडळांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण जुलै २०२१ चे. दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती माणसे गेली असा प्रश्न राज्यसभेत आला. आरोग्य राज्यमंत्री होत्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार. लेखी उत्तर आले की प्राणवायूच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. देशभर संताप झाला, कारण दोनच महिन्यांपूर्वी, ११ मे २०२१ रोजी, गोवा मेडिकल कॉलेजात पहाटेच्या चार तासांत २६ रुग्ण गेल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी स्वतः सांगितले होते आणि तिथला प्राणवायूचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे होता.

पण उत्तर नीट वाचा. 'मृत्यू झाले नाहीत' असे त्यात म्हटलेले नाही, 'राज्यांनी कळवलेले नाहीत' असे म्हटले आहे. संतापणारा माणूस इथे थांबतो. प्रश्न विचारणारा पुढे जातो: राज्यांना तुम्ही कधी विचारले होते का? कोणत्या रकान्यात कळवायला सांगितले होते? हीच टोचणी लागल्यावर केंद्राने राज्यांकडून ही माहिती मागवली, आणि ऑगस्ट २०२१ मधल्या उत्तरात आंध्र प्रदेशातल्या काही रुग्णांचा उल्लेख आला. तो पुरेसा होता असे कोणी म्हणणार नाही. पण तीन आठवड्यांत उत्तर बदलले ते दुसऱ्यांदा विचारल्यामुळे बदलले. पहिला प्रश्न सरकारची भूमिका बाहेर काढतो, खरी माहिती बहुधा दुसऱ्या प्रश्नाला बाहेर येते.

आता घरचे उदाहरण. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात गुजरात विधानसभेत कुपोषणावर प्रश्न आला. सरकारने लेखी आकडा दिला: ३० जिल्ह्यांत १,२५,७०७ कुपोषित बालके, त्यांपैकी २४,१२१ बालकांचे वजन अतिशय कमी. नर्मदा जिल्हा पहिला, आणि त्याच्या खालोखाल अकरा हजारांवर बालकांसह आपला बडोदे जिल्हा. सयाजीरावांचे बडोदे! नर्मदा हा डोंगराळ आदिवासी भाग, तिथले समजू शकते, असे कोणी म्हणेल. पण बडोदे जिल्हा कारखान्यांचा, रेल्वेचा, विद्यापीठाचा. हा आकडा कोण्या वर्तमानपत्राने काढलेला नाही, कोणत्या विरोधी पक्षाने रचलेला नाही. प्रश्न विचारला म्हणून सरकारनेच दिलेला आहे.

शिक्षणाचेही असेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातचे शिक्षणमंत्री कुबेर डिंडोर यांनी विधानसभेत सांगितले की राज्यातल्या १,६०६ सरकारी प्राथमिक शाळा एकाच शिक्षकावर चालतात. कारण शिक्षकांच्या बदल्यांचे देण्यात आले आणि जागा भरू असेही सांगण्यात आले. आता शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट उघडून पाहा. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे त्यात आहे. म्हणजे ती १,६०६ ही संख्या नुसती गैरसोयीची नव्हती, कायदा जिथे पाळला गेला नाही अशा शाळांची ती संख्या होती. एकच मास्तर पहिली ते पाचवी शिकवणार, माध्यान्ह भोजन बघणार, निवडणुकीची कामे करणार, आणि ज्या दिवशी ते आजारी त्या दिवशी शाळेला कुलूप. पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो: 'भरू' म्हटलेल्या जागांपैकी किती भरल्या?

कोणता प्रश्न कोणाच्या दारात?

आपल्या लोकांची एक नेहमीची अडचण आहे. प्रश्न खरा असतो, पण चुकीच्या दारात जातो, आणि 'हा विषय आमच्याकडे येत नाही' असे उत्तर घेऊन परत येतो. म्हणून हे थोडे स्पष्ट करतो.

सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. सयाजी हॉस्पिटलातल्या खाटा, परिचारिका, औषधे यांचा प्रश्न गांधीनगरला, म्हणजे आमदारामार्फत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेले. म्हणून केंद्रीय विद्यालये, विद्यापीठ अनुदान, वैद्यकीय प्रवेशाचे नियम यांविषयी दिल्लीला, खासदारामार्फत. राज्य सरकारच्या शाळांविषयी गांधीनगरला. आणि शहरातल्या महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, म्हणजे नगरसेवकामार्फत. नगरसेवकाला आपण फक्त गटार आणि दिवाबत्तीसाठी ओळखतो, पण आपल्या मराठी शाळेचा पहिला प्रश्न त्याच्याच हातात आहे.

मराठी शाळेचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही. राज्यघटनेतले ३५० क हे कलम सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या वेळी हे कलम आले, आणि ३५० ख प्रमाणे त्यावर लक्ष ठेवायला भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. त्या अधिकाऱ्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप ठरवले होते: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवण्यासाठी शिक्षक द्यावा.

बेळगावचे आपले बांधव हा हक्क वर्षानुवर्षे मागत आले आहेत, आणि त्यांच्या मागणीला सीमाप्रश्नाची किनार असल्याने ती पटकन राजकीय ठरते. आपल्याकडे तसा वाद नाही. गुजराती समाजाने आपल्याला सामावून घेतले, आपणही गुजराती मनापासून स्वीकारली. २०२३ मध्ये विधानसभेने पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सगळ्या शाळांना सक्तीचे करणारा कायदा एकमताने केला, त्याला आपला विरोध नव्हता आणि नसावाही. गुजराती येणे आणि मराठी टिकणे यांत भांडण नाही. आपल्या शेकडो घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात.

मग मराठी शाळांचे वर्ग का ओस पडले? सरकारने बंद केले म्हणून? काही अंशी. पण त्याआधी आपल्या घरांतली मुले इंग्रजी शाळेत गेली. आजारी पडल्यावर आपण खाजगी दवाखान्यात जाऊ लागलो. यात कोणाला दोष देत नाही, प्रत्येक आईबाप मुलाचे बरे पाहतात. पण त्याचा एक परिणाम झाला. पालिकेच्या शाळेत आणि सरकारी दवाखान्यात काय चालले आहे हे आपल्या घरांत कोणाला ठाऊकच राहिले नाही. गायकवाडी काळापासून लिहिता-वाचता, कारकुनी जाणणारा, अर्ज-विनंत्यांची भाषा येणारा असा जो वर्ग होता, तोच त्या शाळेतून आणि दवाखान्यातून बाहेर पडला. आत राहिली ती मजुरी करणारी, धुणीभांडी करणारी माणसे. त्यांत मराठी बोलणारीही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे तक्रार आहे, पण ती तारांकित प्रश्नाच्या भाषेत लिहायला माणूस नाही. माझ्या मते खरे नुकसान इथे आहे. सरकारी शाळेला मुलांची गरज आहे तेवढीच प्रश्न लिहिणाऱ्यांचीही आहे.

आपल्या मंडळाने काय करावे?

नुसते व्याख्यान देऊन जाणे मला बरे वाटत नाही, म्हणून तीन सूचना करतो. अंमलात आणायला पैसा लागत नाही.

पहिली. मंडळातल्या चार-पाच जाणत्या लोकांची एक प्रश्न समिती करा. निवृत्त शिक्षक, एखादे डॉक्टर, एखाद्या निवृत्त परिचारिका, कचेरीचा अनुभव असलेले कोणी, आणि पालिकेच्या शाळेत ज्यांची मुले खरोखर जातात असे निदान दोन पालक. पालक नसतील तर समिती हवेत बोलेल.

दुसरी. विधानसभेचे मुख्य अधिवेशन अर्थसंकल्पाचे, ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, पावसाळी अधिवेशन फारच थोड्या दिवसांचे. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागा आणि नाताळापर्यंत मोजके प्रश्न लिहून आमदारांच्या हाती द्या. एकाच पक्षाच्या नव्हे, शहरातल्या सगळ्या आमदारांना. उदाहरणादाखल दोन सांगतो. पालिका हद्दीत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा किती, गेल्या पाच वर्षांत वर्षवार पट किती, मराठी माध्यमाच्या शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदे किती, आणि शेवटची भरती कोणत्या वर्षी झाली? दुसरा: २०२३ मध्ये सभागृहात सांगितलेल्या बडोदे जिल्ह्यातल्या कुपोषित बालकांपैकी किती बालकांचे वजन त्यानंतर योग्य पातळीवर आले, आणि अंगणवाडी सेविकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? बघा, यात एकही विशेषण नाही.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. उत्तर आले की ते आपल्या या पत्रिकेत जसेच्या तसे छापा. प्रश्नाची तारीख, उत्तराची तारीख, आणि आश्वासन असेल तर ते ठळक अक्षरात. पुढच्या अंकात त्याच जागी लिहा: पुरे झाले, की नाही झाले. वर्षभर हे केले तर आमदारही उत्तर घेऊन आपणहून मंडळाकडे येतील. प्रश्न विचारल्याचे श्रेय त्यांना द्या, ते त्यांच्या हक्काचे आहे. गणेशोत्सवात त्यांना हार घालतो, त्याच वेळी त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही वाचून दाखवा.

काही जण म्हणतील, एवढ्याने काय होणार? सभागृहात गोंधळ, बहिष्कार, दिवसेंदिवस कामकाज बंद. हे सगळे खरे आहे. पण लेखी उत्तर गोंधळातही पटलावर येते. तेरा विरुद्ध अडतीस मतांनी हरलेल्या विधेयकाचा उल्लेख आज आपण करतो, ते पाडणाऱ्या अडतिसांची नावे कोणाला आठवत नाहीत. गोखल्यांना बडोद्याने आकडे पुरवले होते. आपल्या आमदारांना ते कोण पुरवणार, एवढेच ठरवायचे आहे.

प्रश्न समितीसाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावे. भगिनींनी आवर्जून द्यावे. शाळा आणि दवाखाना ही दोन्ही दारे घरातल्या पुरुषांपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतात.